बाराखडीच्या पुढचं वाचन

वाचायला शिकवण्याचं काम तिसरी-चौथीपर्यंत उरकतं आणि पुढे मूल वाचून शिकतं, ही समजूत आपल्या शाळांच्या रचनेतच मुरलेली आहे. पहिली-दुसरीच्या बाई मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं करून घेतात. सहावीपासून विषयशिक्षक येतात आणि मुलांच्या हातात विज्ञान, सामाजिक विज्ञान, गणिताची पुस्तकं पडतात. या दोन टप्प्यांच्या मध्ये कुणीतरी मुलांना मजकुराचा अर्थ लावायला शिकवलं असणार, असं सगळेच धरून चालतात. वरच्या वर्गाचे शिक्षक म्हणतात, हे खालून तयार होऊन यायला हवं होतं. खालचे म्हणतात, आम्ही वाचायला शिकवूनच वर पाठवलं. दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच तक्रार कुणाच्याच दारात थांबत नाही. हे पुस्तक या मधल्या मोकळ्या जागेबद्दल आहे. सहावी ते आठवी या तीन वर्षांत वाचन-लेखनाची उजळणी घेऊन भागत नाही. त्या वयाला लागणारं वाचन आणि लेखन तेव्हाच, नव्याने शिकवावं लागतं आणि ते विज्ञानाच्या शिक्षकालाही शिकवावं लागतं, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. मला ते पटतं. का पटतं, ते या प्रस्तावनेत मांडतो.

पुस्तक सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे, तेव्हा आधी त्या शाळांविषयी. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. मराठी माध्यमाची मुलं प्रामुख्याने लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतली. त्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातल्या उधना–जळगाव लोहमार्गाने इकडे आले आणि यंत्रमागांच्या संचाखात्यांत, डाइंग मिलमध्ये, भरतकामाच्या कारखान्यांत कामाला लागले. घरी बऱ्याच जणांची बोली अहिराणी. शाळेत प्रमाण मराठी, पण पुस्तकं पुण्याच्या बालभारतीची नव्हेत, गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाची. गुजरातीचं शिक्षण तर २०२३ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी सक्तीचं झालं. त्याशिवाय हिंदी आणि इंग्रजी. म्हणजे बारा वर्षांचं मूल चार भाषा आणि तीन लिप्या शिकतं, आणि घरची बोली यात धरलेलीच नाही. गुजराती लिपी शिरोरेषेवाचून लिहिलेली नागरीच असं समजून आपण तिचा विचार सोडून देतो. पण गुजरातीतला ‘र’ नागरीतल्या २ च्या अंकासारखा दिसतो, आणि दोन्ही वह्या एकाच दप्तरात असलेल्या मुलाच्या हातून कधी अक्षराच्या जागी अंक पडतो, कधी अंकाच्या जागी अक्षर. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणून लाल शेरा मारतो.

याच मुलाची दुसरीही बाजू आहे. घरातलं सर्वांत जास्त शिकलेलं माणूस अनेकदा तेच असतं. गुजरातीतलं लाइटबिल तेच वाचतं, धागा कटिंगच्या मजुरीचा हिशोब तेच लिहून ठेवतं, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय ते आईला अहिराणीत तेच समजावतं. एका भाषेत वाचून दुसरीत अर्थ सांगणं हे अनुभवी वाचकालाही सोपं नसतं. शाळेबाहेर हे जमवणारं मूल शाळेत ‘वाचनात कच्चं’ ठरतं, तेव्हा आपण वाचन म्हणून नेमकं काय तपासतो, हा प्रश्न विचारावाच लागतो.

भाषाशिक्षणाच्या इतिहासात सुरतेचं नाव अनोळखी नाही. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि गुजराती शाळेचे दुर्गाराम मेहताजी यांच्या सोबतीने १८४४ मध्ये तिथेच त्यांनी मानवधर्म सभा काढली. मराठीचा व्याकरणकार आणि गुजरातीचा शाळामास्तर एका गावात बसून सुधारणेची चर्चा करत होते, हे आजच्या भाषिक भिंतींपलीकडून बघताना नवल वाटतं. तेव्हा दोन्ही भाषांचे मुलूख एकाच मुंबई इलाख्यात होते. त्या काळाच्या शाळेत वाचन म्हणजे अक्षरओळख, मोठ्याने पठण आणि पाठांतर. लेखन म्हणजे धुळाक्षरं, मग कित्ता. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचं ज्ञान यांची मागणी केली, तेव्हा त्यामागे वेगळा विचार होता. कुळकर्ण्याने लिहिलेला कागद शेतकऱ्याला स्वतः वाचता यावा, असं त्यांना वाटत होतं. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. सुरतेशेजारचे नवसारी, व्यारा, सोनगड हे भाग त्यातलेच. त्यांचं शहाणपण मला अधिक दिसतं ते १९१० नंतर उभ्या केलेल्या वाचनालयांच्या जाळ्यात. शिकलेलं वाचन वापरायला मजकूर मिळाला नाही तर ते गंजतं, हे त्यांनी ओळखलं होतं. मग गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची भावनगरची जोडी आली. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचं काम गुजराती आणि मराठी दोन्हींत चाललं, आणि ताराबाईंनी ते पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. मूल काय बोलतं, कशात रमतं, तिथून शिकवणं सुरू करायचं, हे त्यांनी इथल्या मातीत रुजवलं. पण त्यांचं सारं लक्ष लहान मुलांवर होतं, आणि त्यांच्यानंतरच्या बहुतेकांचंही तसंच राहिलं.

वाचन कसं शिकवावं याबद्दलच्या मतांचे ढोबळ प्रवाह वाचकाला ठाऊक असलेले बरे. एक जुना आणि चिवट: अक्षर, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य. दुसरा याच्या उलट, अर्थपूर्ण शब्द आणि वाक्यांपासून अक्षराकडे येणारा; त्याचं टोकाचं रूप म्हणजे ‘समग्र भाषा’ विचार. मूल बोलायला शिकतं तसंच, अर्थाच्या ओढीने, वाचायलाही शिकेल असा त्याचा विश्वास. भारतात या विचाराला कृष्णकुमार यांच्या १९८६ च्या पुस्तकाने, मध्य प्रदेशातल्या एकलव्य संस्थेच्या कामाने आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बळ दिलं. तिसरा प्रवाह दोन्हींना शेजारी बसवणारा. मराठीत त्याचं ठोस काम फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत आणि पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेत दिसतं: अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता छोट्या गटांत घ्यायची, त्यांतून लगेच शब्द बनवायचे, आणि रोज गोष्ट ऐकणं, बोलणं, स्वतःचं लिहिणं चालू ठेवायचं. आधी अक्षर की आधी अर्थ, या इंग्रजीतल्या भांडणाने आपण जरा जास्तच भारावलो, असं माझं मत आहे. आपली लिपी इंग्रजीसारखी लहरी नाही, पण लहानही नाही. प्रत्येक व्यंजनाची बारा-बारा रूपं धरली तर चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. कन्नडवर काम करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवलं आहे की भारतीय लिप्यांमधली अक्षरं आत्मसात होणं चौथीपर्यंत आणि त्याही पुढे चालतं. पालघरमधल्या मराठी आणि यादगीरमधल्या कन्नड शाळांचा पहिली ते तिसरीचा दीर्घ अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातला बराच वेळ अक्षरं आणि नक्कल यांतच जातो, अर्थाचं काम फार थोडं होतं, असं चित्र त्यातून पुढे आलं. ही सगळी चर्चा मोलाची आहे. पण तिच्यात सातवीतलं मूल कुठेच नाही.

त्या मुलाबद्दल इतरत्र झालेलं काम मात्र आपल्याकडे फारसं पोचलेलं नाही. जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनाचे टप्पे मांडले. चौथीच्या सुमारास गरीब घरांतल्या मुलांची घसरण सुरू होते, कारण तिथून मजकुरातले शब्द रोजच्या बोलण्यापासून दूर जातात, असं त्यांचं निरीक्षण. १९८४ मध्ये पॅलिंक्सर आणि ब्राउन यांनी नेमकी सातवीतली अशी मुलं निवडली, ज्यांना घडाघडा वाचता येत होतं पण समजत नव्हतं. शिक्षक आणि मुलं आळीपाळीने परिच्छेद थोडक्यात सांगत, त्यावर प्रश्न काढत, अडलेलं सोडवत आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधत. काही आठवड्यांत मुलांची समज स्पष्टपणे वाढली. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलवरचा मजकूर सातवी-आठवीच्या मुलांना दिला. खेळाची माहिती असलेली ‘कच्ची’ मुलं माहिती नसलेल्या ‘हुशार’ वाचकांपेक्षा सरस ठरली. लिंबायतच्या वर्गात बेसबॉलच्या जागी यंत्रमाग ठेवून बघा. बीम, बॉबिन, उभे-आडवे धागे, तुटलेला धागा ओळखून संचा थांबवणं, हे सारं ज्याच्या घरात रोज बोललं जातं, त्याला त्यावरचा मजकूर ‘कठीण’ वाटेल का? वाचनाची पातळी ही मुलाच्या कपाळावर कोरलेली नसते. ती मजकुरागणिक बदलते.

शाळेत समजलं की नाही हे ज्या रीतीने तपासतात, ती रीतच फसवी आहे. हे वाक्य घ्या: ‘झुबळ्याने काल तांबट रिंगोळी उचमटली.’ आता प्रश्न: झुबळ्याने काय उचमटलं? उत्तर: तांबट रिंगोळी. कधी उचमटली? काल. दोन्ही उत्तरं बरोबर, पूर्ण गुण, आणि वाक्याला काही अर्थच नाही. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ या सदरातले कितीतरी प्रश्न असेच असतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या मागचं-पुढचं उतरवायचं. मुलं यात तरबेज होतात. मग विज्ञानाच्या पुस्तकात ‘पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढल्यास बाष्पीभवनाचा वेग वाढतो’ असं वाक्य येतं. जोडाक्षरांसकट ते अडखळत नाहीत. पण ‘वाढल्यास’ मधली अट त्यांना दिसत नाही, कारण बोलताना असं कुणी म्हणत नाही. ‘वेग’ म्हणजे गाडीचा. दांडीवर पसरलेली साडी घडी घातलेल्या साडीच्या आधी वाळते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. या वाक्यात तेच लिहिलंय, हे कळत नाही. इथे भाषेच्या शिक्षकाला बोलावून उपयोग नाही. अट कुठे, परिणाम कुठे, ‘जसजसा–तसतसा’ आणि ‘त्यामुळे’ यांत फरक काय, हे विज्ञानाच्या तासालाच, विज्ञानाच्या वाक्यावर बोट ठेवून दाखवावं लागतं.

लेखनाची गत याहून वाईट. आवडता ऋतू, आवडता सण, वृक्षांचं महत्त्व; निबंध फळ्यावरून किंवा गाइडमधून उतरतो आणि वह्या एकसारख्या दिसतात. सुवाच्य अक्षर आणि शुद्धलेखन यांनाच लेखन म्हणायची सवय इतकी जुनी आहे की मुलाने काय म्हटलंय हे वाचायला उसंतच राहत नाही. ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र तपासले. लिहिण्याआधी आखणी आणि लिहून झाल्यावर दुरुस्ती कशी करायची हे उघड शिकवणं, तसंच सारांश लिहायला शिकवणं यांचा परिणाम मोठा दिसला. सुटं व्याकरण घोटवण्याने लेखन सुधारत नाही हेही दिसलं. सारांश हे माझ्या मते या वयाचं सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. दहा ओळींचं तीन ओळींत करताना मुलाला काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावंच लागतं, आणि तिथे उतरवून चालत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत गंभीर: सातवीतल्या अनेक मुलांना साधं वाचताच येत नाही, त्यांच्यापुढे सारांश आणि अनुमानाच्या गप्पा कशाला? २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण ७३ टक्के होतं. सुरतसारखी शहरं या पाहणीत येत नाहीत, पण शिक्षकांना हा आकडा परका वाटणार नाही. गुजरात सरकारने २०१८ मध्ये सहावी ते आठवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी ‘मिशन विद्या’ राबवलं ते यासाठीच. २०२१ चं ‘निपुण भारत’ तिसरीपर्यंतच्या पायावर भर देतं, तेही योग्यच. पण पाया झाल्याशिवाय अर्थाकडे जायचं नाही, हा क्रम तेरा वर्षांच्या मुलाला जाचक ठरतो. त्याला ‘कमळ बघ, अमर बघ’ पुन्हा दिलं की तो वर्गातून मनाने उठतो. त्याला अक्षरांचं काम रोज थोडा वेळ स्वतंत्रपणे द्यावं, आणि त्याच दिवशी वयाला साजेसा मजकूर ऐकवून त्यावर बोलायला, तोंडी सारांश सांगायला बसवावं. समज आधी कानाने वाढते, डोळे मागून येतात. आणि ती ७० टक्के मुलं? दुसरीची गोष्ट वाचता आली म्हणून ती सुटली असं धरायचं का? आठवीचं पुस्तक त्यांना समजतं की नाही, हे या आकड्यातून कळतच नाही.

दुसरा आक्षेप बोलीचा. अहिराणीला वर्गात जागा दिली तर प्रमाण मराठी बिघडेल, असं पालकही म्हणतात. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने अहिराणीला, म्हणजेच खानदेशीला, मराठीहून वेगळं काढलं, २०११ च्या जनगणनेत तिचे १८ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले; पण वर्गात ती ‘अशुद्ध मराठी’ म्हणूनच ओळखली जाते. ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणारं मूल ऐकलेला आवाज अचूक अक्षरात उतरवत असतं. लिपी त्याला उत्तम समजली आहे, शिकायचा राहिलाय तो प्रमाण शब्द. ‘ळ’ विसरणाऱ्या मुलाची चूक आणि ही चूक वेगळी. दोन्हींवरचा इलाजही वेगळा. ‘माझा’ला ‘मना’ म्हणणाऱ्या त्याच मुलाला ‘ना, नी’ लावून संबंध दाखवणारी गुजराती सोपी जाते, हा फायदा तर आपण कधी मोजलाच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांची कविता मात्र पाठ्यपुस्तकांत असते; त्यांच्या भाषेचं कौतुक आणि वर्गातल्या त्याच उच्चारांना लाल रेघ, या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत नांदतात. पहिला खर्डा बोलीत, दुसरा प्रमाण भाषेत, अशी साधी रीत पाळली तर प्रमाण मराठी बळकटच होते, कारण दोन्हींतला फरक मुलाला स्वतः करून बघावा लागतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि तो झटकून टाकता येत नाही: सुरतेत राहायचं, कमवायचं, तर मराठी माध्यमात कशाला? पालक इंग्रजी किंवा गुजराती शाळेकडे वळतात यात त्यांचा दोष नाही. मराठी अस्मितेच्या भाषणांनी त्यांना अडवू नये, असं मला वाटतं. पण मजकुराची बांधणी ओळखणं, लेखकाच्या म्हणण्यावर शंका घेणं, आपलं म्हणणं क्रमाने मांडणं या गोष्टी एका भाषेत पक्क्या झाल्या की दुसरीत न्यायला सोप्या जातात. कुठल्याच भाषेत पक्क्या नसतील तर माध्यम बदलून हाती काही लागत नाही. जी मुलं आज मराठी वर्गात बसलेली आहेत, त्यांच्यापुरता हा प्रश्न मुळात निवडीचा नाही. त्यांना उद्या गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत वाचायचं आहे, आणि त्याची तयारी त्यांना सर्वांत जास्त समजणाऱ्या भाषेतच करावी लागेल.

वेळ नाही, हा चौथा आक्षेप. पोर्शन, परीक्षा, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. शिक्षकांची ओढाताण खरी आहे आणि पुस्तक ती नाकारत नाही. ते वेगळा तास मागत नाही. आहे त्याच धड्यावर, आहे त्याच तासात, दहा प्रश्नोत्तरं उतरवण्याऐवजी दोन खरे प्रश्न आणि तीन ओळींचा सारांश, एवढीच त्याची मागणी. धडे कमी होतील का? थोडे होतील. ते मान्य करायला हवं.

या पुस्तकाकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, तेही सांगतो. हे अध्यापनशास्त्राचं पाठ्यपुस्तक नाही. इथे पाठटाचणांचे नमुने आहेत, पण ते जसेच्या तसे वापरावेत असे नाहीत. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांचं वाचन आणि सामाजिक विज्ञानातल्या नकाशा-तक्त्यांचं वाचन यांना त्यात भरपूर जागा मिळाली आहे, कवितेला कमी. मला कविता आणखी हवी होती. गुजराती दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचा विषय लेखकांनी फक्त लिपीपुरता घेतला आहे, तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. मुलांच्या लेखनाचे नमुने मात्र चुकांसकट, नावं वगळून छापले आहेत. माझी सूचना अशी, की शिक्षकांनी विवेचनाआधी ते नमुने वाचावेत, प्रत्येकाखाली पेन्सिलीने स्वतःचा शेरा लिहावा, आणि मग लेखकांनी त्याच मजकुराबद्दल काय म्हटलंय ते पाहावं. जिथे दोन्ही जुळणार नाहीत, त्या पानांवर शाळेतल्या विज्ञान आणि गणिताच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन बसता आलं तर उत्तम.